मोठ्यांच्या मेंदूला शांत करणारे रसायन नवजात बाळाच्या मेंदूत उलटे का वागते?

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या मुलीच्या जन्माला आज २६ दिवस झाले. ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण झाले, पण कळा फार लांबल्या आणि बाळ जन्मल्याबरोबर रडले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा उजवा हात एका ठेक्यात झटके देऊ लागला, ओठ दूध ओढल्यासारखे हलू लागले आणि नजर एका बाजूला खिळली. नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात ती ११ दिवस होती. फेनोबार्बिटल हे औषध शिरेतून दिले. पहिल्या मात्रेने झटके थांबले नाहीत, दुसऱ्या मात्रेनंतर थांबले. घरी सोडण्याआधी ते औषध पूर्ण बंद केले.

तपासणीच्या फेरीत डॉक्टर एक वाक्य बोलून पुढे गेले : मोठ्या माणसाच्या मेंदूला शांत करणारे रसायन नवजात बाळाच्या मेंदूत उलटे वागू शकते. मी सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. मोटर उलटी फिरू लागली, तर कुठल्या दोन तारांची अदलाबदल झाली ते आम्ही शोधतो. म्हणून त्या वाक्याने माझी पाठ सोडलेली नाही. हे उलटे वागणे म्हणजे नेमके काय? तो बिघाड आहे का? आणि तसे असेल, तर औषध इतक्या लवकर कसे बंद केले? माझी आई म्हणते की बाळ रात्री जागते, तेव्हा तिला शांत झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून चाटवू या. मी अजून होकार दिलेला नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ब्रह्मगिरी

गोदातीर, आधी बाळाला आणि तिच्या आईला मनापासून शुभेच्छा. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. बालरोगतज्ज्ञ नसल्यामुळे औषधोपचाराविषयी मी बोलणार नाही, परंतु त्या वाक्यामागची यंत्रणा सांगू शकतो.

मेंदूतली एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनांमार्फत, आणि या रसायनांना चेतापारेषक म्हणतात. प्रौढ मेंदूत ग्लुटामेट हे चेतवणारे प्रमुख रसायन आहे आणि गॅबा हे आवर घालणारे. ही दोन्ही एकाच घरातली आहेत, कारण पेशी ग्लुटामेटपासूनच एका पायरीत गॅबा तयार करते.

गॅबा पेशीच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसले की पेशीच्या आवरणातले एक दार उघडते आणि त्यातून क्लोराइडचे ऋणभारित कण ये-जा करतात. गॅबाचे काम दार उघडण्यापुरतेच आहे. कण आत जातील की बाहेर येतील, ते दोन्ही बाजूंच्या पातळीवर ठरते. गंगापूर धरणाचे दार उघडले की पाणी गोदेच्या पात्रात उतरते, कारण धरणातली पातळी वर असते. पात्रातले पाणी धरणापेक्षा उंच असते, तर त्याच दारातून ते धरणात शिरले असते. प्रौढ चेतापेशी केसीसी२ नावाच्या पंपाने क्लोराइड सतत बाहेर टाकते, त्यामुळे आत ते कमी असते. दार उघडले की ऋणभार आत येतो आणि पेशी शांत होते. कोवळ्या पेशीत मात्र एनकेसीसी१ हा दुसरा पंप क्लोराइड आत ओढत असतो आणि केसीसी२ अजून पुरेसा तयार झालेला नसतो. अशा पेशीत दार उघडले की ऋणभार बाहेर पडतो आणि पेशी चेतते.

येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उंदराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात हे दाखवले. केसीसी२ या पंपाचे त्यातले स्थान १९९९ मध्ये स्पष्ट झाले.

आता आपला दुसरा प्रश्न. हा बिघाड नाही. त्या भागात गॅबाचे जोड ग्लुटामेटच्या जोडांच्या आधी तयार होतात. गॅबाने पेशी चेतली की तिच्यात कॅल्शियम शिरते, आणि फांद्या वाढवणे, नवे जोड पक्के करणे ही कामे त्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतात. आपल्या भाषेत सांगायचे, तर मोटर उलटी फिरत नसून उभारणीच्या काळात तिला वेगळे काम दिलेले आहे.

रामशेज

अतिशय सुबोध प्रतिसाद. एक शंका विचारतो. क्लोराइड मिठातही असते. मग बाळंतिणीने मीठ कमी खाल्ले, तर बाळाच्या मेंदूतली ही पातळी बदलते का?

ब्रह्मगिरी

रामशेज, नाही. रक्तातले क्लोराइड मूत्रपिंडे ठरावीक पट्ट्यात राखतात, आणि इथे प्रश्न पेशीच्या आतल्या साठ्याचा आहे, जो त्या पेशीचे स्वतःचे पंप ठरवतात. आईच्या जेवणातल्या मिठाशी त्याचा संबंध नाही. बाळंतिणीला अळणी जेवू घालण्याचे कारण म्हणून कोणी हा धागा दाखवू नये, ही विनंती.

पांडवलेणी

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे. ब्रह्मगिरी यांनी यंत्रणा उत्तम सांगितली आहे, पण दोन ठिकाणी मला भर घालायची आहे आणि एका ठिकाणी थोडा मतभेद नोंदवायचा आहे.

मतभेद असा. गॅबा कोवळ्या पेशीला चेतवते हे खरे असले, तरी त्यावरून बाळाच्या संपूर्ण मेंदूत ते आगीत तेल ओतते असा निष्कर्ष काढता येत नाही. दार उघडे राहिले की पेशीच्या आवरणाची गळती वाढते आणि त्याच वेळी आलेला ग्लुटामेटचा जोरदार निरोप त्या गळतीत विरून जातो. म्हणजे एकटी पेशी थोडी चेतते, पण पेशींच्या जाळ्याला आवर बसू शकतो. जिवंत उंदरांच्या पिल्लांमध्ये हे दोन्ही परिणाम एकत्र पाहिले गेले आहेत. शिवाय हा पालट सगळ्या मेंदूत एकाच दिवशी होत नाही. मज्जारज्जू आणि मेंदूचा देठ यांच्यात तो आधी होतो, मोठ्या मेंदूच्या बाह्य थरात नंतर. त्यामुळे हातापायांचे झटके औषधाने थांबतात, परंतु ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, विद्युत झटके चालूच राहतात, असे आम्ही प्रत्यक्ष पाहतो आणि ते या क्रमाशी जुळते.

फेनोबार्बिटल गॅबाच्याच ग्राहीवर काम करते, म्हणून आपल्या डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारले असावे. १९९९ च्या एका गाजलेल्या तुलनेत फेनोबार्बिटलने ४३ टक्के बाळांचे झटके थांबले आणि फेनिटॉइन या दुसऱ्या औषधाने ४५ टक्के बाळांचे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र फेनोबार्बिटल दिलेली ८० टक्के बाळे २४ तास झटक्यांपासून मुक्त राहिली आणि लेव्हेटिरासिटॅम हे नवे औषध दिलेल्यांपैकी २८ टक्केच. म्हणून आजही पहिले औषध फेनोबार्बिटलच आहे. एनकेसीसी१ पंप बंद करणारे ब्युमेटानाइड देऊन पाहण्याचा युरोपातला प्रयत्न १४ बाळांनंतर थांबवावा लागला, कारण परिणाम अपेक्षेइतका दिसला नाही आणि काही बाळांची श्रवणशक्ती गेली. २०१५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत सुंदर दिसणारी कल्पना पाळण्यापर्यंत पोचेलच असे नाही, हे मी त्यातून शिकलो.

औषध लवकर बंद करण्याबाबत निश्चिंत राहावे. जन्मावेळच्या प्राणवायूच्या कमतरतेने आलेले झटके बहुधा काही दिवसांत ओसरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात औषध रुग्णालयातच थांबवलेल्या आणि घरी चालू ठेवलेल्या मुलांच्या विकासात, तसेच पुढे अपस्मार होण्याच्या प्रमाणात, दोन वर्षांच्या वयापर्यंत फरक आढळला नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अशा तात्कालिक कारणाने आलेल्या झटक्यांत घरी सोडण्याआधीच औषध थांबवा असे सांगतात. वाढत्या मेंदूला विनाकारण गुंगीत ठेवू नये हा त्यामागचा विचार आहे.

पंचवटीची मावशी

मी परिचारिका म्हणून नवजात कक्षात २२ वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. घरी आल्यावर आईवडिलांना सर्वांत जास्त भीती वाटते ती कापरे भरण्याची, म्हणून तो फरक सांगते. बाळाचा हात किंवा हनुवटी थरथरू लागली, की आपला तळवा त्याच्या हातावर अलगद ठेवावा आणि कोपर हळूच दुमडावे. साधे कापरे असेल, तर आपल्या हाताखाली ते तिथल्या तिथे विरते. झटका असेल, तर धरलेल्या हातातही तो ठेका जाणवत राहतो, आणि बरोबर बहुधा डोळे एकीकडे वळलेले असतात किंवा ओठ चुटचुट करतात. असे दिसल्यास वेळ बघावी, जमल्यास फोनवर चित्रण करावे आणि थेट रुग्णालय गाठावे. नव्या परिचारिकांना मी हे शब्दांनी न शिकवता त्यांचा हात बाळाच्या हातावर ठेवून शिकवत असे.

कापरे साधे वाटले, तरी पहिल्या दिवसांत रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासून घ्यावे. साखर उतरल्यानेही बाळ थरथरते, आणि दुधावर नीट न लागलेल्या बाळाची साखर पटकन उतरते.

द्राक्षवेल

आम्ही पिंपळगाव बसवंतचे. माझा मुलगा २९ व्या आठवड्यात जन्मला, वजन १,१०० ग्रॅम. तो श्वास घ्यायलाच विसरायचा. वीस सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ छाती हलायची नाही, यंत्र वाजू लागायचे, परिचारिका तळपायाला टिचकी मारायच्या आणि तो दचकून पुन्हा श्वास घ्यायचा. मग डॉक्टरांनी कॅफीन सुरू केले. चहा-कॉफीतला पदार्थ एवढ्याशा जिवाला देतात, हे ऐकून माझ्या सासूबाई रडू लागल्या होत्या. आज तो सहा वर्षांचा आहे आणि द्राक्षबागेत आजोबांच्या मागे धावतो. मला कधीच कोणी समजावून सांगितले नाही, म्हणून विचारते : या धाग्यात ज्याविषयी बोलणे चालले आहे, त्यातलेच ते काही होते का?

पांडवलेणी

द्राक्षवेल ताई, होय, अगदी त्यातलेच. मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे आवर घालणारे रसायन असते. प्राणवायू कमी पडला की बाळाच्या मेंदूत ते वाढते आणि श्वासाच्या केंद्राला दाबते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा दाब फार प्रभावी ठरतो, कारण श्वास चालू ठेवणारी उलट बाजूची यंत्रणा अजून कच्ची असते. कॅफीन अ‍ॅडिनोसिनच्या ग्राही अडवून ठेवते आणि श्वासाचे केंद्र मोकळे होते. तुमच्या आमच्या चहाचा अंमल काही तासांत उतरतो. नवजात बाळाचे यकृत मात्र इतके अपक्व असते, की कॅफीनची मात्रा निम्मी व्हायलाच साधारण चार दिवस लागतात, म्हणून ते दिवसातून एकदाच देतात.

या औषधाविषयीची मोठी चाचणी बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखाली झाली. तिच्यात ५०० ते १,२५० ग्रॅम वजनाची २,००६ बाळे होती. दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात पाहिले, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होण्याचे) प्रमाण कॅफीन मिळालेल्यांत ४.४ टक्के आणि न मिळालेल्यांत ७.३ टक्के आढळले. सासूबाईंना माझा नमस्कार आणि हे आकडे दोन्ही सांगावे.

निफाडकर

सर्वांचे प्रतिसाद आदराने वाचले, पण एक गोष्ट मांडल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजीने आम्हा सात भावंडांना जायफळ, वेखंड, मध, सगळे उगाळून दिले आणि सातही जण ठणठणीत आहोत. निफाडच्या थंडीत शेगडीजवळ बसून ती सहाणेवर बाळगुटी उगाळायची, ते दृश्य मला आजही दिसते. जे पिढ्यान्पिढ्या चालत आले, ते एका अभ्यासाने चूक ठरते का?

म्हसरूळची आजी

निफाडकर, मी तुमच्या आजीच्या वयाला पोचत आले आहे आणि माझ्या सहाणेवरही ती बाळगुटी उगाळली गेली आहे. सात भावंडे वाचली ती आज बोलू शकतात. माझ्या माहेरी जी दोन वाचली नाहीत, त्यांची बाजू मांडायला कोणी नाही. ती जायफळाने गेली असे मी म्हणत नाही, कारण ती कशाने गेली हे तेव्हा कोणी विचारलेच नाही. आमच्या लहानपणी शेतावर जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बोटभर चाटण देऊन झोपवीत आणि संध्याकाळपर्यंत मूल हूं की चूं करत नसे. त्याला सगळे गुणी बाळ म्हणत. ते गुणीपण कशाचे होते, हे या धाग्यावरच्या डॉक्टरांनी सांगावे, म्हणजे नव्या आयांना ते एका म्हातारीच्या सांगण्यापेक्षा अधिक पटेल.

पांडवलेणी

आजी, आपला प्रतिसाद वाचून काही काळ लिहवले नाही.

अफूतले मॉर्फिन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर बसते, त्या शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक रसायनांसाठी असतात. मेंदूच्या देठात श्वास चालवणाऱ्या भागातही त्या आहेत. नवजात बाळात औषध शरीराबाहेर टाकण्याची गती मंद असते आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर मॉर्फिन सहज पार करते, म्हणून झोप लावणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर फार थोडे उरते. ते गुणीपण म्हणजे दबलेला श्वास आणि दबलेली भूक होती.

जायफळाचेही तेच तत्त्व, परिणाम सौम्य असला तरी. त्यात मिरिस्टिसिनसारखी मेंदूवर काम करणारी द्रव्ये आहेत, आणि सहाणेवर किती वळसे घेतले यावर मात्रा ठरते. कुठल्याही औषधाची मात्रा मी अशा अंदाजाने देणार नाही.

मधाविषयी तर मला स्पष्टच लिहिले पाहिजे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. ते विष चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडूच देत नाही. अ‍ॅसिटिलकोलिन हाही चेतापारेषकच आहे आणि स्नायूला हलण्याचा निरोप तोच देतो. मग बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, चोखणे मंदावते, मान टाकली जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अर्भकांमधला हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. तो विरळ आहे, परंतु टाळायला एक चमचाही खर्च नाही. एक वर्षापर्यंत मधाचे बोट नको.

निफाडकर

आजी आणि डॉक्टर, मी माझे म्हणणे मागे घेतो. आजीची आठवण मनात राहील. माझ्या भाच्याच्या बारशाला मात्र मध चाटवू नका, हे मी आजच बहिणीला फोन करून सांगितले.

सुरगाण्याची वाट

मी पेठ-सुरगाणा भागात आशा म्हणून काम करते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. घरीच जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली.

अ‍ॅसिटिलकोलिनचा विषय निघाला म्हणून विचारते. आमच्याकडे अनेक गरोदर बाया मशेरी लावतात. तंबाखू भाजून, कुटून दाताला लावायची, आणि एकदा लावली की अर्धा तास दारात बसून राहायचे. पोट साफ होते म्हणून लावतो, असे सांगतात. बाळाचे वजन कमी भरते एवढे मी त्यांना सांगते, पण मेंदूचे काय होते ते सांगायला माझ्याकडे शब्द नसतात.

ब्रह्मगिरी

ताई, आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे असे मला वाटते, म्हणून सोप्या शब्दांत उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

निकोटिन अ‍ॅसिटिलकोलिनच्याच ग्राहीवर बसते, आणि ती ग्राही गर्भाच्या मेंदूत पहिल्या तीन महिन्यांतच दिसू लागते. त्या काळात अ‍ॅसिटिलकोलिन निरोप्याचे काम तर करतेच, शिवाय पेशीने केव्हा विभागायचे थांबावे आणि कुठे स्थिरावावे याचेही इशारे देते. त्या जागी निकोटिन येऊन बसले, की खोटा इशारा मिळतो आणि काम वेळेआधी थांबते किंवा भलतीकडे वळते. पुढे श्वास आणि झोपेतून जागे होणे सांभाळणाऱ्या भागांवर त्याचा परिणाम राहतो. वजनाचा आकडा आपल्या बायांना सांगायचा असेल, तर मुंबईत १,२१७ महिलांवर झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. मशेरीसारखी धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते.

त्यांच्याशी बोलताना असे म्हणून पाहा : घर बांधताना गवंडी ज्याचे ऐकतो, त्याच्या आवाजात भलताच माणूस ओरडून सांगत राहिला, तर भिंत जिथे नको तिथे उभी राहते.

सुरगाण्याची वाट

गवंड्याचे उदाहरण आमच्या बायांना लगेच कळेल. उद्याच्या बैठकीत सांगते.

त्र्यंबक रस्ता

माझे सिझेरियन आधीच ठरलेले होते, कळा आल्याच नाहीत. कळांमधून जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला काही रसायने मिळतात आणि सिझेरियनच्या बाळाला मिळत नाहीत, असे एका नातेवाईक बाईंनी मला बाळ पाच दिवसांचे असताना सांगितले. तेव्हापासून दीड वर्ष ते मनात रुतून बसले आहे. हे खरे आहे का?

पांडवलेणी

ताई, त्यात एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावर चढवलेली एक खोटी भीती आहे. खरी गोष्ट स्वीडनचे ह्यूगो लागरक्रान्ट्झ यांनी दाखवली. कळांच्या दाबाने बाळाच्या शरीरात नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅड्रिनॅलिन प्रचंड प्रमाणात उसळते, आणि कळा सुरू होण्याआधी केलेल्या सिझेरियनमध्ये ही उसळी कमी असते. तिचा तातडीचा उपयोग असा, की फुप्फुसातले पाणी शोषले जाते, शरीरात ऊब आणि साखर उपलब्ध होते आणि बाळ टक्क जागे राहते. त्या पहिल्या जागेपणात ते आईचा वास मनात साठवते. म्हणूनच ठरवून केलेल्या सिझेरियनच्या बाळाला पहिल्या तासांत धाप थोडी जास्त लागते, आणि म्हणूनच असे सिझेरियन शक्यतो ३९ आठवड्यांच्या आधी करत नाहीत.

खोटी भीती अशी, की ही उसळी चुकली म्हणजे मेंदूत कायमची उणीव राहिली. ती उसळी जन्माच्या त्या काही तासांचे काम करते. वास ओळखणे पुढच्या दिवसांत, छातीशी धरून पाजताना, सहज घडते. आपल्या बाळाने तो वास केव्हाच ओळखला आहे.

त्र्यंबक रस्ता

मनापासून आभार. आज रात्री मी हे दोनदा वाचले.

सोमेश्वर

मूळ प्रश्नातला एक भाग अजून राहिला आहे : बाळ रात्री का जागते? आमच्या जुळ्यांच्या वेळी हाच प्रश्न आम्ही आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारला होता, तेव्हा कळले ते लिहितो. झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन सेरोटोनिन या चेतापारेषकापासून तयार होते, पण बाळाचे स्वतःचे मेलाटोनिन दिवस-रात्रीच्या लयीत साधारण तिसऱ्या महिन्यापासून येऊ लागते. तोपर्यंत रात्रीच्या आईच्या दुधातून ते थोडे मिळते, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसते. म्हणून आमची दोघे अपुऱ्या दिवसांची असताना काढून ठेवलेल्या दुधाच्या वाट्यांवर आम्ही वेळ लिहीत असू आणि रात्रीचे दूध रात्रीच देत असू. दिवसा खोलीत उजेड आणि घरातले नेहमीचे आवाज, रात्री अंधार आणि कमीत कमी बोलणे, एवढेच आम्ही केले. तिसरा महिना सरताना फरक पडला.

पंचवटीची मावशी

सोमेश्वर यांच्या प्रतिसादाला एक जोड देते. बाळाला पाठीवरच झोपवावे, पालथे किंवा कुशीवर नको. झोपेत अचानक दगावलेल्या अनेक बाळांच्या मेंदूच्या देठात सेरोटोनिनची यंत्रणा अपुरी आढळली आहे. प्राणवायू कमी पडला, तर दचकून जागे करणारी यंत्रणा तीच. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू पुढच्या काळात निम्म्याहून कमी झाले. दुपट्यात बांधताना छाती आवळू नये आणि तोंडाजवळ गोधडी येऊ देऊ नये. बाळ सारखे जागे होते, ही तक्रार घेऊन आलेल्या आयांना मी म्हणत असे की जागे होता येणे ही त्याच्या मेंदूची कमाई आहे.

गोदातीर

सर्वांचे प्रतिसाद मी छापून घेतले आणि आईला वाचून दाखवले. म्हसरूळच्या आजींचा प्रतिसाद तिने स्वतः हातात घेऊन पुन्हा वाचला. नंतर ती स्वयंपाकघरात गेली, सहाण धुऊन पुसली आणि फडताळात वर ठेवून दिली. जायफळाविषयी आमच्या घरात पुन्हा बोलणे झाले नाही.

मुलगी आज ४७ दिवसांची आहे. ४२ व्या दिवशी आशाताई येऊन वजन करून गेल्या. दीड महिन्याच्या लशीच्या वेळी पत्नी तिला पाजतच बसली होती. सुई टोचल्यावर ती एकदा जोरात रडली आणि लगेच पुन्हा दूध ओढू लागली. ईईजी स्वच्छ आला आहे. एकदा पहाटे तिची हनुवटी थरथरली, तेव्हा मावशींनी लिहिले होते तसे मी हनुवटीखाली बोट ठेवले आणि थरथर बोटाखालीच थांबली. मी मात्र त्यानंतर तासभर तिच्याकडे बघत बसलो.

श्रवणचाचणी पुढच्या सोमवारी आहे. जे कळेल ते इथेच लिहीन.

म्हसरूळची आजी

वाट पाहते. सोमवारी रात्री मी जागी असेन.